माल सुटतो तो कागदावर

न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या बहुतेक कंटेनरांची दारं कस्टम्सचा कोणीही अधिकारी उघडून पाहत नाही. हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात बसवलेलं चित्र वेगळं आहे: रात्रीची गोदी, बॅटरीचा झोत आणि पेटीचं झाकण उचकटून आत हात घालणारा साहेब. प्रत्यक्षात देशातल्या प्रमुख बंदरांमधून होणाऱ्या कंटेनर-वाहतुकीपैकी जवळपास निम्मी एकट्या या बंदरातून होते. तेवढ्या पेट्या उघडायच्या ठरवल्या, तर उरण-पनवेल रस्ता कायमचा तुंबेल. म्हणून २००५पासून हे काम मुख्यतः एका संगणकीय यंत्रणेकडे आहे. तिचं नाव रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम. धंद्यात सगळे तिला नुसतं ‘आरएमएस’ म्हणतात. कोणता माल तसाच सोडायचा, कोणाचे कागद अधिकाऱ्याकडे द्यायचे आणि कोणती पेटी उघडायची, हे ती ठरवते. आयातदार कोण आहे, त्याचा आजवरचा व्यवहार कसा आहे, माल काय आहे, कुठून आला आणि किंमत काय लावली, एवढं तिला पुरतं. ही माहिती तिला मिळते आयातदाराने स्वतः भरलेल्या एका अर्जातून. त्या अर्जाला ‘बिल ऑफ एंट्री’ म्हणतात.

हे बिल विक्रीचं नव्हे, ती एक घोषणा असते. मी अमुक वस्तू आणली आहे, ती अमुक देशात बनली आहे, तिची किंमत इतकी, म्हणून मी सरकारला इतकं देणं लागतो, असं आयातदार त्यात सांगतो. १९६२चा सीमाशुल्क कायदा १ फेब्रुवारी १९६३ला अमलात आला. त्यानंतर जवळपास अर्धशतक हा हिशेब अधिकारी करायचा. आयातदार माहिती द्यायचा आणि वाट बघायचा. एप्रिल २०११मध्ये कायदा बदलला आणि ‘सेल्फ असेसमेंट’ आलं. आता वर्गीकरण, दर, सवलत, सगळं आयातदारानेच ठरवायचं. अधिकाऱ्याला पटलं नाही, तर तो फेरआकारणी करणार. हा बदल सुटसुटीतपणाच्या नावाने आला आणि कामाला गती मिळालीही, पण त्याने जबाबदारी कोणाच्या खांद्यावर टाकली हे पुष्कळ छोट्या उद्योजकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. ‘साहेबांनी पास केलं होतं’ ही ढाल आता पूर्वीसारखी चालत नाही.

कल्पना मात्र जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातली शुल्कशाळा नगराच्या महाद्वाराशी असते. व्यापाऱ्याने तिथे माल ठेवून त्याचं प्रमाण आणि किंमत तीनदा पुकारायची. शुल्काच्या धास्तीने कमी सांगितलं, तर वरचा भाग राजाचा, किंवा आठपट शुल्क. म्हणजे आधी व्यापाऱ्याचा शब्द, मग पडताळणी, मग दंड. आजचा क्रमही हाच आहे.

आणि शुल्क फक्त तिजोरी भरायला असतं असंही नाही. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातलं, म्हणजे पोर्तुगीज गोव्यातलं मीठ स्वस्त पडायचं आणि संगमेश्वरकडचं महाग. व्यापारी गोव्याकडे वळले तर कोकणची मिठागरं बसणार, म्हणून गोव्याच्या मिठावर जबर जकात बसवून ते महाग करायला त्या पत्रात सांगितलं आहे. आज सुपारीच्या आयातीवर १०० टक्के मूळ शुल्क आहे. फेब्रुवारी २०२३पासून किलोला ३५१ रुपयांपेक्षा कमी किमतीची सुपारी सर्वसाधारणपणे आणताच येत नाही. श्रीवर्धनच्या बागायतदाराला त्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याच नावाखाली आलेली सुपारी न्हावा-शेव्यात पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यामागेही हेच शुल्क आहे.

आता एक साधा माल धरून चालू. भोसरीतल्या एका वर्कशॉपने तैवानमधल्या ताइचुंगहून नवी सीएनसी लेथ मागवली आहे असं समजा. ताइचुंग हे मशीन टूल्सचं मोठं केंद्र आहे, त्यामुळे उदाहरण कल्पित असलं तरी अशक्य नाही. वर्कशॉपकडे आयात-निर्यात कोड हवा. पॅन आणि तो क्रमांक आता एकच असतो. बँकेचा अधिकृत डीलर कोड कस्टम्सच्या प्रणालीत नोंदवलेला हवा. पुरवठादाराकडून इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट येईल, जहाज कंपनीकडून बिल ऑफ लॅडिंग येईल. हे ‘बीएल’ म्हणजे मालाच्या मालकीचाच दस्तऐवज, त्यामुळे ते हातात आल्याशिवाय किंवा पुरवठादाराने तिकडे सरेंडर केल्याशिवाय जहाज कंपनी माल सोडत नाही. पैसे बँकेमार्फत द्यायचे असतील, तर हे कागद बँकेतच अडकून पडतात आणि माल बंदरात भाडं खात बसतो. दोष कस्टम्सला दिला जातो, आणि खरा खोळंबा झालेला असतो शाखेतल्या एका टेबलावर.

बिल ऑफ एंट्री वर्कशॉपचा मालक बहुधा स्वतः भरत नाही. त्यासाठी परवानाधारक कस्टम्स ब्रोकर असतो. नियमांमधून ‘कस्टम हाउस एजंट’ हे नाव जाऊन बरीच वर्षं झाली, पण बॅलार्ड इस्टेटपासून कळंबोलीपर्यंत त्याला अजून ‘सीएचए’च म्हणतात. हा परवाना लेखी आणि तोंडी परीक्षा देऊन मिळतो. ब्रोकरवर कायद्याने काही जबाबदाऱ्याही आहेत. ग्राहक खरा आहे का, सांगितलेल्या पत्त्यावर तो आहे का, हे त्याने तपासायचं असतं. ग्राहक नियम पाळत नसेल, तर त्याला बजावायचं असतं, आणि तरीही ऐकत नसेल तर कस्टम्सला कळवायचं असतं. चांगला ब्रोकर ऑर्डर देण्याआधीच फोनवर विचारतो, “साहेब, मशीनचं लिटरेचर आहे का?” कॅटलॉग मागितला की कंटाळा करणारे ग्राहक पुष्कळ असतात. पुढचं सगळं रामायण त्या कॅटलॉगभोवतीच घडतं.

कारण पहिला प्रश्न असतो, ही वस्तू आहे काय? जगातली प्रत्येक वस्तू एका क्रमांकात बसवलेली आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ १९८८पासून लागू आहे. तिचे पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखे असतात. भारताने त्यांना आणखी दोन जोडून आठ केले. पहिले दोन आकडे प्रकरणाचे. ८४व्या प्रकरणात यंत्रं येतात आणि ८४५८ या शीर्षकाखाली धातू कापणाऱ्या लेथ. भोसरीच्या मशीनला घर सापडलं. पण तोच पुरवठादार मशीनबरोबर सुटे टूल होल्डर, कूलंट पंप आणि सॉफ्टवेअरचा पेनड्राइव्ह पाठवतो, तेव्हा हे सगळं एका घरात राहणार की वेगवेगळ्या, हा वाद सुरू होतो.

वाद सोडवायला सहा सर्वसाधारण नियम आहेत. ते वाचताना एखादा तर्कशास्त्राचा ग्रंथ वाचतोय असं वाटतं, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक भाग तोच वाटतो. जिथे वर्णन जास्त नेमकं, ते शीर्षक वरचढ. नेमकेपणाने सुटलं नाही, तर वस्तूचं मूळ स्वरूप कशामुळे आहे ते बघा. तेही कळलं नाही, तर योग्य वाटणाऱ्या शीर्षकांपैकी क्रमांकाने शेवटचं घ्या. एवढ्या तर्कशुद्ध चढणीनंतर शेवटची पायरी अशी, की सगळं चुकलं तर आकडा मोठा असेल तो घ्या. त्यात एक प्रामाणिकपणा आहे.

या नियमांखाली गंभीर चेहऱ्याने काय काय ठरवावं लागतं, याचा एक मासला २००३मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात मिळाला. तिथे माणसाची प्रतिमा असलेल्या बाहुलीवर १२ टक्के शुल्क होतं आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के. टॉय बिझ ही मार्व्हलशी संबंधित कंपनी ‘एक्स-मेन’च्या छोट्या मूर्ती आयात करायची. तिने मांडलं की ही पात्रं माणसं नाहीतच. आपल्या कथांमध्ये ज्यांच्या माणूसपणासाठी मार्व्हलने इतकी वर्षं पानं खर्ची घातली, ती माणसं नव्हेत असा निकाल तिच्याच बाजूच्या कंपनीने मिळवला. चाहते चिडले, पण शुल्क वाचलं. आपल्याकडे उत्पादन शुल्काच्या खटल्यांत याच पद्धतीच्या वर्गीकरणावर घराघरातल्या खोबरेल तेलाचा वाद रंगला होता. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल खायचं की केसांना लावायचं? डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. वेष्टनावरूनच ते केसांसाठी विकलं जात असल्याचं दिसत नसेल, तर ते खाद्यतेलच.

हसू येतं, पण रकमा हसण्यासारख्या नसतात. त्याच सहा नियमांपैकी एक सांगतो, की वस्तू सुटी करून आणली किंवा अपुरी असली, तरी तिच्यात पूर्ण वस्तूचं मूळ स्वरूप असेल, तर ती पूर्ण वस्तूच धरायची. नाहीतर प्रत्येक जण सायकल खोलून आणेल आणि ‘हे तर नुसते पाइप’ म्हणेल. सप्टेंबर २०२४मध्ये कस्टम्सने चाकण आणि छत्रपती संभाजीनगरात कारखाने असलेल्या स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलर मागणारी नोटीस बजावली. आरोप असा, की जवळपास संपूर्ण गाडी वेगवेगळ्या खेपांमधून सुटे भाग म्हणून आणली गेली. जुळवणीसाठी आणलेल्या पूर्ण संचाला ३० ते ३५ टक्के शुल्क असतं, तर सुट्या भागांना ५ ते १५. कंपनीला हे मान्य नाही. सुटे भाग आणण्याची आपली पद्धत सरकारला आधीपासून माहीत होती असं तिचं म्हणणं, आणि जानेवारी २०२५मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. कोण बरोबर ते न्यायालय बघेल. वर्षानुवर्षं खेपा सुटत राहिल्या आणि प्रश्न नंतर विचारला गेला, हे मात्र वर म्हटलेल्या सेल्फ असेसमेंटचं धडधडीत उदाहरण आहे.

ज्यांना असा प्रश्न अंगावर घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी २०२१पासून मुंबई आणि दिल्लीत आगाऊ निर्णय देणारी प्राधिकरणं आहेत. माल मागवण्याआधी तिथे वर्गीकरण विचारून घेता येतं. मोठ्या कंपन्या विचारतात. छोटे उद्योजक सहसा शेजारच्या गाळेवाल्याने मागच्या वेळी कोणता कोड घातला ते विचारतात.

दुसरा प्रश्न किमतीचा. कायदा व्यवहारातली खरी किंमत धरतो, पण ती भारतात पोचेपर्यंतची. मशीन ५०,००० डॉलरना घेतली आणि कस्टम्ससाठी अधिसूचित दर ८५ रुपये आहे असं समजा. तुमच्या बँकेने कोणता दर लावला याला इथे किंमत नाही. मशीनचे झाले ४२,५०,००० रुपये. जहाजाचं भाडं आणि विमा मिळून दीड लाख धरला, तर आकारणीयोग्य किंमत ४४,००,००० रुपये. मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के असेल, तर ३,३०,०००. त्यावर, म्हणजे मालाच्या किमतीवर नव्हे तर शुल्कावर, दहा टक्के समाजकल्याण अधिभार: ३३,०००. या सगळ्याच्या बेरजेवर, ४७,६३,०००वर, १८ टक्के एकात्मिक जीएसटी: ८,५७,३४०. एकूण भरणा १२,२०,३४० रुपये. आयातदारांच्या तोंडी ‘सत्तावीस पॉइंट सातशे पस्तीस’ हा आकडा मंत्रासारखा असतो. तो याच गुणाकारातून येतो.

यात घाबरण्यासारखं दिसतं त्यापेक्षा कमी आहे. जीएसटीचे साडेआठ लाख वर्कशॉपला इनपुट क्रेडिट म्हणून परत वापरता येतात. खरा खर्च ३,६३,००० रुपयांचा. पण तेवढे पैसे आधी हातात असावे लागतात, आणि भोसरीतल्या छोट्या शेडसाठी तीच खरी अडचण असते. मिरजेतल्या एखाद्या डॉक्टरने रुग्णालयासाठी असंच यंत्र मागवलं, तर गणित बदलतं. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, म्हणून क्रेडिटही नाही, आणि भरलेला कर यंत्राच्या किमतीतच मुरतो.

किमतीच्या बाबतीत एक बारीक सापळा आहे. भाड्याची पावती दाखवता आली नाही, तर नियमाप्रमाणे भाडं मालाच्या मूळ किमतीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरतात. वरच्या उदाहरणात भाडंच साडेआठ लाख धरलं जाईल. किंमत साधारण साडेसात लाखांनी फुगेल आणि शुल्क दोन लाखांहून जास्त वाढेल. एक पावती जपून ठेवण्याची किंमत एवढी.

कमी किंमत दाखवण्याचा मोह मात्र पावतीने सुटत नाही. ‘इनव्हॉइस किती रुपयांचं करू?’ असं विचारणारे पुरवठादार अजून भेटतात. कस्टम्सकडे देशभरातल्या आयातीच्या किमतींचा साठा असतो, आणि तुमची लेथ इतरांच्या निम्म्या किमतीला आली असेल तर ते एका नजरेत दिसतं. नुसत्या तुलनेवरून अधिकारी किंमत फेटाळू शकत नाही. त्याला शंका लेखी मांडावी लागते आणि तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. प्रदर्शनातला नमुना म्हणून सूट मिळाली असेल, तर ते पत्र दाखवा. पुरवठादार तुमचीच मूळ कंपनी असेल, तर प्रकरण स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँचकडे जाऊ शकतं. तिथला मुक्काम लांबतो, तोवर माल तात्पुरत्या आकारणीवर सुटतो.

तिसरा प्रश्न माल कुठला, हा. तैवानशी आपला मुक्त व्यापार करार नाही, त्यामुळे भोसरीला सवलत नाही. तीच मशीन जपानची किंवा कोरियाची असती, तर कराराखाली शुल्क कमी झालं असतं. पूर्वी त्या देशाने दिलेलं उत्पत्तीचं प्रमाणपत्र जोडलं की काम भागायचं. सप्टेंबर २०२०पासून तेवढ्यावर भागत नाही. माल तिथला कसा, त्यात तिथली किती भर पडली, ही माहिती आयातदाराकडेही असली पाहिजे. एका देशाचा माल दुसऱ्याच्या नावावर सवलतीत येऊ लागला होता, त्याला हे उत्तर. पण परदेशी कारखानदार आपल्या खर्चाचा हिशेब भारतीय गिऱ्हाइकाला का देईल, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडला असावा असं दिसत नाही.

बिल ऑफ एंट्री जहाज धक्क्याला लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलं पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये. जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून ते भरता येतं, आणि कस्टम्सच्याच वेळमोजणी अभ्यासांमध्ये आधी भरलेली बिलं लवकर सुटतात हे दरवेळी दिसतं. तरीही आधी भरण्याने अर्थसंकल्पाचा धोका टळत नाही. आधी भरलेल्या बिलाला दर लागतो तो जहाजाला ‘एंट्री इनवर्ड’ मिळाल्याच्या तारखेचा. जानेवारीच्या शेवटी बिल भरलं आणि जहाज फेब्रुवारीत आलं, तर मधल्या भाषणात वाढलेलं शुल्क द्यावं लागतं. कमी झालं तर फायदाही तुमचाच.

भरलेलं बिल आरएमएसने अधिकाऱ्याकडे वळवलं, तर तो अधिकारी न्हावा-शेव्यातच असेल असं नाही. जून २०२०मध्ये बंगळूरु आणि चेन्नईपासून सुरू झालेली ‘फेसलेस’ आकारणी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर देशभर लागू झाली. उरणला उतरलेल्या लेथची आकारणी चेन्नईतला अधिकारी करू शकतो, आणि तो कोण हे तुम्हाला कळत नाही. कस्टम हाउसच्या जिन्यांवरचे हेलपाटे कमी झाले, ओळखीपाळखीचं राज्य ओसरलं, एकाच वस्तूला दोन बंदरांत दोन दर ही तक्रारही कमी होऊ लागली. पण समोर बसून मशीनचं चित्र दाखवण्याची सोयही गेली. आता ‘क्वेरी’ पडद्यावर येते आणि उत्तर पडद्यावरच द्यावं लागतं. कधीही लेथ न पाहिलेल्या माणसाला चार ओळींत ती समजली पाहिजे. म्हणूनच सीएचए लिटरेचर मागतो. चांगलं लिहिता येणं हे या व्यवसायात आता खरंच भाकरीचं कौशल्य झालं आहे.

अधिकाऱ्याला कागदावरून काहीच ठरवता येत नसेल, तर तो आधी माल बघायला सांगतो. त्याला ‘फर्स्ट चेक’ म्हणतात. जुनी, वापरलेली मशीन आणली की हे बहुधा होतंच, आणि चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकनही लागतं. आधी आकारणी आणि शुल्क, मग हवी तर तपासणी, हा ‘सेकंड चेक’. कंटेनर स्कॅनरमधून जाणं हा तिसरा प्रकार. पेटी उघडायची ठरली तरी सगळा माल क्वचितच बाहेर काढतात; ठरावीक टक्के खोकी बघतात.

आणि मग कस्टम्सशी काही देणंघेणं नसलेली गोष्ट आडवी येते. लेथ लाकडी चौकटीवर बोल्ट करून आलेली असते. त्या लाकडातून किडे देशात येऊ नयेत म्हणून ते तापवून किंवा धुरी देऊन प्रक्रिया केलेलं असावं लागतं, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. शिक्का नसेल, तर चव्वेचाळीस लाखांची मशीन वनस्पती-संसर्गरोध विभागाच्या दारात उभी राहते. खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षा प्राधिकरण, औषधांना औषध नियंत्रक, प्राण्यांच्या पदार्थांना त्यांचा विभाग. एप्रिल २०१६पासून हे सगळे एकाच खिडकीतून जोडले आहेत, म्हणजे अर्ज वेगवेगळे करावे लागत नाहीत. नमुना तपासायला लागणारा वेळ मात्र लागतोच. वाशीच्या बाजारात जाणाऱ्या परदेशी सफरचंदांचा रीफर कंटेनर अशा वेळी वीज खात उभा असतो. लेथ थांबू शकते, सफरचंद थांबत नाही.

शुल्क भरून झालं, तपासणी असेल तर तीही झाली, की ‘आउट ऑफ चार्ज’ मिळतो. कायद्याच्या दृष्टीने माल तिथे सुटला. दारापर्यंत यायला अजून बरंच असतं. जहाज कंपनीचा डिलिव्हरी ऑर्डर लागतो, आणि महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क आहे, किमतीच्या हजारामागे एक रुपया. माल ‘डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी’त असेल, तर ट्रक थेट बंदरातून कंटेनर उचलतो. नसेल, तर पेटी द्रोणागिरी किंवा पनवेल बाजूच्या एखाद्या कंटेनर फ्रेट स्टेशनला जाते आणि तिथे ग्राउंड रेंट, हाताळणी, सील कटिंग, वाराई असे आकार सुरू होतात. जहाज कंपनीचे मोकळे दिवस संपले की रिकामी पेटी परत करेपर्यंत डिटेन्शन लागतं, तेही डॉलरमध्ये. ‘कस्टम्समध्ये फार पैसे गेले’ असं सांगणाऱ्याचा खर्चाचा कागद नीट वाचला, तर त्यातल्या बऱ्याच ओळी कस्टम्सच्या नसतात.

नातेवाइकांना कुरिअरने वस्तू पाठवणाऱ्यांचा अनुभव याहून छोटा, पण त्याच कायद्यातला. अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटींना पूर्वी शुल्क नव्हतं. परदेशी, विशेषतः चिनी, संकेतस्थळांवरची विक्री त्याच वाटेने ‘भेट’ म्हणून येऊ लागली, आणि डिसेंबर २०१९मध्ये ही सवलत बंद झाली. अपवाद दोन ठेवले: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीबरोबरची भेटवस्तू मात्र सवलतीत नाही. सरकारी अधिसूचनेत राखीचं नाव वाचून मला बरं वाटलं होतं हे कबूल करतो.

ज्याच्याकडे शुल्काचे पैसे तयार नाहीत, त्याने माल बाँडेड गोदामात ठेवावा. कागदी बिलांच्या काळात थेट वापरासाठीचं बिल पांढरं, गोदामात न्यायचं पिवळं आणि गोदामातून काढायचं हिरवं असायचं. रंग गेले, व्यवस्था तीच आहे: जेवढा माल काढाल तेवढ्याचं शुल्क. काहीच केलं नाही, तर तीस दिवसांनंतर आयातदाराला नोटीस देऊन माल विकता येतो. न्यायालयीन तंट्यात अडकलेल्या मालाचं मात्र वर्षानुवर्षं काही होत नाही. ऑगस्ट २०२०मध्ये बेरूतच्या बंदरात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा चेन्नई कस्टम्सने २०१५मध्ये जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट शहराजवळच्या कंटेनर स्टेशनात पडून असल्याचं सगळ्यांना आठवलं. मग लिलाव आणि रवानगी काही दिवसांत झाली.

भोसरीत लेथ बसली, सुरू झाली, कर्जाचे हप्तेही चालू झाले, तरी फाइल बंद होत नाही. माल सुटल्यानंतरही कस्टम्स हिशेब तपासू शकतं. चुकून कमी भरलेल्या शुल्काची मागणी दोन वर्षांपर्यंत करता येते. जाणूनबुजून लपवल्याचं दिसलं, तर पाच वर्षांपर्यंत, व्याज आणि दंडासह. २०२५च्या वित्त कायद्याने उलटी सोयही दिली आहे: चूक आयातदाराच्याच लक्षात आली, तर माल सुटल्यानंतरही तो बिलातली नोंद स्वतःहून दुरुस्त करून फरक भरू शकतो. त्यासाठी मूळ इनव्हॉइस, भाड्याची पावती, पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद आणि तो कॅटलॉग, हे सगळं पाच वर्षं एकत्र ठेवायचं. वर्कशॉपमध्ये यातला सगळ्यांत आधी हरवतो तो कॅटलॉग. मशीन बसवायला आलेला मेकॅनिक तो घेऊन जातो.